तुरुंगातले विद्यापीठ आणि सोनारीचा भैरव

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यात सोनारी नावाचे गाव आहे. काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे आणि देवळाच्या परिसरात निर्धास्तपणे वावरणाऱ्या माकडांमुळे ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. मराठवाड्यातल्या आणि सोलापूर-नगरकडच्या अनेक घराण्यांचे हे कुलदैवत. भैरवाची जी कथा काशीखंडात सांगितली आहे ती भाविकांना ठाऊक असतेच, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती पुन्हा एकदा सांगणे आवश्यक वाटते.

शिवाच्या क्रोधातून जन्मलेल्या भैरवाने ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक नखाने खुडले. त्यामुळे ब्रह्महत्येचे पातक त्याच्या माथी आले आणि खुडलेले मस्तक त्याच्या तळहाताला चिकटून बसले. ती कवटी हाती घेऊन भिक्षा मागत तो तिन्ही लोक हिंडला. ब्रह्महत्या स्त्रीरूपाने त्याच्या पाठोपाठ चालत होती. अखेर काशीच्या वेशीत पाऊल टाकताच ती मागे राहिली आणि ज्या ठिकाणी हातातली कवटी गळून पडली त्या स्थानाला कपालमोचन हे नाव पडले. कथा येथे संपली असती तर ती प्रायश्चित्ताची एक सामान्य कथा ठरली असती. परंतु पुराणकार पुढे सांगतो की, शिवाने याच भैरवाला काशीचा कोतवाल नेमले. ज्याने हत्या केली, शिक्षा भोगली, दारोदार भीक मागितली, त्याच्याच हाती नगराची राखण सोपवली. आजही काशीत जाणारा यात्रेकरू आधी या कोतवालाचे दर्शन घेतो.

आपल्या परंपरेत गुन्हेगाराच्या परतीची इतकी धीट कल्पना क्वचितच मांडली गेली असेल. शिक्षा संपली की माणूस केवळ सुटत नाही, तर त्याला समाजात स्थान मिळते, काम मिळते आणि मानही मिळतो, असे ही कथा सांगते. आपण देव्हाऱ्यात तिची पूजा केली, परंतु कचेरीत आणि कॉलेजात मात्र ती कधी येऊ दिली नाही. असे आम्ही का म्हणतो, ते लेखाच्या शेवटी सांगू. तत्पूर्वी तुरुंग आणि विद्या यांच्या संबंधाचा आपल्याकडचा इतिहास थोडक्यात पाहू.

*

आधुनिक भारतीय तुरुंगाचा आणि आधुनिक भारतीय शिक्षणाचा उगम एकाच माणसाच्या लेखणीपर्यंत नेता येतो, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. मेकॉलेचे शिक्षणविषयक टिपण २ फेब्रुवारी १८३५ चे. ते आम्हा भाषेच्या प्राध्यापकांना तोंडपाठ असते, कारण त्याला शिव्या दिल्याशिवाय आमचे एकही चर्चासत्र पार पडत नाही. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात याच मेकॉलेने तुरुंगांच्या चौकशीसाठी समिती नेमावी असे दुसरे टिपण लिहिले होते. ती समिती १८३६ साली नेमली गेली, मेकॉले स्वतः तिचा सदस्य होता, आणि १८३८ साली तिचा अहवाल आला. कैद्यांना रस्त्यांच्या कामावर जुंपण्याची पद्धत बंद करावी, मध्यवर्ती तुरुंग उभारावेत, आत कंटाळवाणी आणि कठोर मजुरी असावी, अशा शिफारशी त्या अहवालात होत्या. कैद्यांना शिक्षण द्यावे, नीतीचे पाठ द्यावेत, त्यांचे मन वळवावे, या कल्पना मात्र समितीने साफ नाकारल्या. तुरुंगाचे काम दहशत बसवणे हे होते आणि धाक जितका मोठा तितका तुरुंग चांगला मानला जाणार होता.

म्हणजे एकाच राज्यकर्त्याच्या विचारात भारतीयांचे दोन वर्ग होते. एकाला शिकवून कारभारात घ्यायचे आणि दुसऱ्याला न शिकवता भिंतीआड ठेवायचे. हे दोन्ही निर्णय एकाच वर्षीच्या दोन टिपणांतून निघाले. पुढे १८७१ साली येरवड्याचा तुरुंग उभा राहिला आणि त्याच वर्षी गुन्हेगार जमातींचा कायदाही झाला. या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १८९४ चा तुरुंग कायदा तर शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्या कारागृहांचा आधार राहिला. त्यात शिस्त, कोठड्या, बेड्या आणि मजुरी यांचा तपशील भरपूर आहे, कैद्याच्या शिक्षणाचा विचार मात्र जवळजवळ नाही.

सुधारणा हे तुरुंगाचे एक उद्दिष्ट आहे असे सरकारी कागदावर पहिल्यांदा ठळकपणे उमटले ते १९१९-२० च्या कार्ड्यू समितीच्या अहवालात. ही समिती अंदमानातही जाऊन आली होती. परंतु तोपर्यंत तुरुंगात विद्या पोहोचली होती. ती सरकारने नेली नव्हती, कैद्यांनी आपल्याबरोबर नेली होती.

*

मराठी साहित्याचा एक मोलाचा भाग गजांआड लिहिला गेला, हे आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले. १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. त्याच साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. त्याआधी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना ते दाक्षिणात्य सहबंद्यांकडून तमिळ शिकले आणि 'कुरल'चा मराठी अनुवाद त्यांनी केला. गांधीजी येरवड्याला 'मंदिर' म्हणत.

या परंपरेतले एक उदाहरण आमच्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. १९३२ साली कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलातल्या एका विद्यार्थ्याला झेंडा फडकवल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या कॅम्प जेलमध्ये त्याला आचार्य भागवतांसारखे शिक्षक भेटले. तेथे त्याने कालिदास आणि शेक्सपिअर वाचला, मार्क्सवादाची चर्चा ऐकली. सुटून आल्यावर तो पुन्हा त्याच शाळेच्या बाकावर बसला आणि १९३४ साली मॅट्रिक झाला. हा विद्यार्थी म्हणजे यशवंतराव चव्हाण. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात त्यांनी या दिवसांविषयी कृतज्ञतेने लिहिले आहे. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या मुक्त विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. याच विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे पुढे राज्यातल्या कारागृहांत उघडली, हा योगायोग असेल, परंतु तो अर्थपूर्ण आहे.

आमच्या मराठवाड्याचे चित्र थोडे वेगळे होते, कारण सोनारीसह हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि बार्शीकडे गेले की इंग्रजांची हद्द लागे. लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३८ पासून निजामाच्या तुरुंगात वारंवार गेले. त्याच वर्षी 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांच्यात मराठवाड्यातली मुले होती आणि पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. त्या वेळी नागपूर विद्यापीठाने या मुलांना प्रवेश दिला. एका विद्यापीठाने शिक्षा केली आणि दुसऱ्याने दार उघडले. विद्यापीठाच्या हाती केवढी शक्ती असते, हे दाखवणारा याहून स्वच्छ प्रसंग आमच्या प्रदेशाच्या इतिहासात आम्हाला दिसत नाही.

पण येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. हे सर्व बंदी आधीच शिकलेले होते, किंवा शिकण्याच्या वाटेवर होते. तुरुंगाचे विद्यापीठ झाले ते त्यांच्यासाठी. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर मृत्यू पावले. त्यानंतर कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पडले आणि शिकलेल्या, सुखवस्तू घरच्या बंद्याला पुस्तके, वर्तमानपत्रे व लेखनसाहित्य मिळणे सुलभ झाले. शेजारच्या बराकीत पाणी भरणारा, चक्की पिसणारा, खून किंवा दरोड्यात शिक्षा भोगणारा माणूस आमच्या तुरुंगसाहित्यात येतो तो बहुधा पार्श्वभूमीवरची आकृती म्हणून. अपवाद आहेत. अंदमानात सामान्य बंद्यांना अक्षरे शिकवण्याची, त्यांच्यासाठी पुस्तके जमवण्याची खटपट सावरकरांनी केली आणि 'माझी जन्मठेप'मध्ये तिची हकीकतही लिहिली. पण अपवाद तो अपवादच.

सुटकेनंतरचा फरक तर आणखी मोठा. सत्याग्रही सुटला की स्टेशनवर हार घेऊन लोक येत. शाळेने त्याला परत घेतले नाही तर शाळेची नाचक्की होई. सामान्य गुन्हेगार सुटला की तो रात्रीच्या गाडीने, कुणाला न कळवता गावात येई. बहुतेक वेळा तो आजही तसाच येतो.

*

सामान्य गुन्हेगाराच्या बाजूने विचार करणारा पहिला मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला तो इंग्रजी मुलखात नव्हे, तर औंध या छोट्या संस्थानात. १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत स्थापली. तेथे बंदी भिंतीशिवाय राहू लागले, शेती करू लागले, पुढे कुटुंबेही बरोबर आली. त्याच परिसरातले ग. दि. माडगूळकर यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला, त्यामागे हाच प्रयोग होता. चित्रपट देशभर पाहिला गेला. वसाहतीची कल्पना मात्र अपवादानेच पसरली.

त्याच काळात सोनारीपासून फार दूर नसलेल्या सोलापुरात दुसराच प्रयोग चालू होता. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली तारेच्या कुंपणात वसवलेल्या सेटलमेंटमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे ठेवली जात. प्रौढांनी गिरणीत राबावे, हजेरी द्यावी, आणि मुलांनी शाळेत जावे, असा नियम होता. मुंबई इलाख्याचे सेटलमेंट अधिकारी स्टार्ट यांचा या शिक्षणावर मोठा भर होता. शिक्षण येथे सक्तीने मिळाले, पण कुंपणाच्या आत मिळाले. शिकलेला मुलगाही कागदोपत्री गुन्हेगार जमातीचाच राहिला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या, तरी पोलिसांच्या वहीतून त्या सुटल्या नाहीत. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त (१९८७) आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातले हेच जग आहे. आमच्याच जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला पारधी मुलांसाठी निवासी शाळा १९९० च्या दशकाच्या प्रारंभी उभी राहिली, ती याच गरजेतून. जन्माने गुन्हेगार ठरवण्याची ही सवय किती चिवट आहे याचा दाखला अलीकडेच मिळाला. सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार महिलेच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कारागृहांच्या नियमपुस्तिकांत जातीवरून कामे वाटून देणारी आणि विमुक्त जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहणारी कलमे तोवर शिल्लक होती. ती न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

*

विद्यापीठ स्वतःहून तुरुंगाच्या दाराशी गेले ते गेल्या साडेतीन दशकांत. १९८०-८३ च्या मुल्ला समितीने शिक्षण हा तुरुंगसुधारणेचा गाभा मानला होता. त्या सुमारास मुक्त विद्यापीठांची कल्पना भारतात रुजली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले आणि १९९४ साली दिल्लीच्या तिहार कारागृहात त्याचे अभ्यासकेंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला होता. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या प्रौढ बंद्याला पदवीपर्यंत नेणारी ती एक पायरी होती. येरवडा, नाशिकरोड, नागपूर यांसारख्या मध्यवर्ती कारागृहांत आज या दोन विद्यापीठांमार्फत बंदी पदवीपर्यंत जातात. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २०१० पासून बंद्यांचे शुल्क माफ केले. महाराष्ट्रात आत राहून पदवी मिळवणाऱ्या सिद्धदोष बंद्याला नव्वद दिवसांपर्यंत शिक्षेत सूट मिळू शकते. तुरुंगाच्या भाषेत तिला 'माफी' म्हणतात. शिकण्याने शिक्षा कमी होते, हे मेकॉलेच्या समितीला ऐकवले असते तर तिचा विश्वास बसला नसता.

मात्र ही सोय कुणापर्यंत पोहोचते, हेही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतले तीन, न्यायाधीन होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. एकूण बंद्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दहावीपर्यंतही पोहोचलेले नव्हते. न्यायाधीन बंद्याला कोर्टाची तारीख असते, त्याची बदली होते, पोलीस गार्ड मिळाला नाही की बाहेर नेणे रद्द होते, जामीन झाला की अभ्यास मध्येच तुटतो. माफी त्याला लागू नाही, कारण त्याची शिक्षाच सुरू झालेली नाही. धाराशिव येथे जिल्हा कारागृह आहे. लांबची शिक्षा झालेला माणूस हर्सूल किंवा येरवडा यांसारख्या मध्यवर्ती कारागृहात जातो आणि पदवीची सोय प्रामुख्याने तेथे असते. थोडक्यात, विद्यापीठाचे दार सर्वांत आधी उघडते ते दीर्घ शिक्षेच्या बंद्यासाठी. थोडे दिवस आत राहून बाहेर फेकला जाणारा तरुण, ज्याला खरे तर सर्वांत जास्त गरज आहे, तो त्या दाराच्या बाहेरच राहतो.

या तरुणाकडे लक्ष देणारे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. १९३६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९९० साली 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला. त्यात समाजकार्याचे शिक्षण घेतलेले कार्यकर्ते आर्थर रोडच्या कारागृहात, पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत बसू लागले. त्यांचे काम वरकरणी साधे होते. वकील नसलेल्याला वकील मिळवून देणे, घरी निरोप पोहोचवणे, आई आत असेल तर मुलांची चौकशी करणे, सुटल्यावर काही दिवस राहायला जागा पाहणे, स्वयंसेवी संस्थांत उमेदवारी मिळवून देऊन कामाची सवय लावणे. यात पदवी कोठेच नाही. पण सुटकेनंतरचे पहिले काही दिवस माणसाला पुन्हा आत ढकलतात की बाहेर टिकवतात, हे ज्याने ओळखले त्यानेच असा प्रकल्प आखला असता. याच संस्थेचे ग्रामीण संकुल १९८० च्या दशकापासून आमच्या तुळजापूरला आहे. हे विद्यापीठ आम्हाला परके नाही, आमच्याच जिल्ह्यातले आहे, ही गोष्ट आम्ही वर्गात सांगायला विसरतो.

परदेशातला अनुभव याला पुष्टी देतो. अमेरिकेत जॉन अर्विन नावाचा तरुण सशस्त्र दरोड्याबद्दल पाच वर्षे कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात होता. सुटल्यावर तो शिकला, समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १९६७ साली त्याने सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात 'प्रोजेक्ट रिबाउंड' सुरू केला. तुरुंगातून सुटलेल्याला थेट महाविद्यालयात प्रवेश मिळवून देणे आणि तेथे टिकायला मदत करणे, एवढेच त्याचे उद्दिष्ट. हा कार्यक्रम आजही चालू आहे. दुसरीकडे, १९९४ साली अमेरिकन काँग्रेसने बंद्यांना मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती बंद केली आणि तुरुंगांतले बहुतेक महाविद्यालयीन वर्ग कोसळले. ती शिष्यवृत्ती पूर्णपणे परत यायला २०२३ साल उजाडले. मधल्या काळात न्यूयॉर्कच्या बार्ड कॉलेजसारख्या मोजक्या संस्थांनी स्वतःच्या हिमतीवर वर्ग चालवले. २०१३ साली रँड या संशोधनसंस्थेने आधीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. आत शिकलेला माणूस पुन्हा तुरुंगात येण्याची शक्यता, न शिकलेल्याच्या तुलनेत, ४३ टक्क्यांनी कमी आढळली. संख्याशास्त्रातल्या 'ऑड्स'च्या मापाने काढलेला हा आकडा आहे आणि शिकायला पुढे येणारे मुळातच वेगळे असतील ही शंका त्यातून पूर्णपणे जात नाही, तरी दिशा स्पष्ट आहे.

अर्विनच्या उदाहरणात आम्हाला भैरवकथेचा उत्तरार्ध दिसतो. तो शिक्षा भोगून आला आणि त्याला वर्गात शिकवण्याचे, म्हणजे एका अर्थाने राखणीचेच, काम मिळाले.

*

आता आमची गोष्ट. ती सांगताना संकोच वाटतो, पण हा इतिहास दुसऱ्यांचा म्हणून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या महाविद्यालयात शिकवत होतो तेथे मराठीच्या एम. ए. प्रवेशासाठी चाळिशीकडे झुकलेला एक माणूस आला. परंडा तालुक्यातला, कपडे स्वच्छ, बोलणे बेताचे. मुक्त विद्यापीठाची बी. ए. ची पदवी होती, गुण आमच्या बऱ्याच विद्यार्थ्यांपेक्षा चांगले होते. मायग्रेशन आणले होते. अर्जासोबत शेवटच्या संस्थेच्या प्रमुखाने दिलेला वर्तणुकीचा दाखला जोडावा असा नियम होता. त्याने जोडलेला दाखला कारागृह अधीक्षकांचा होता. शिक्षाकाळात वर्तणूक उत्तम होती, अभ्यासवर्गात तो इतर बंद्यांना लिहायला-वाचायला शिकवत होता, असे त्यावर स्पष्ट लिहिले होते. कार्यालयातल्या लिपिकाने अर्ज उलटासुलटा केला आणि आमच्याकडे पाठवला, कारण प्रवेश समितीत आम्ही होतो.

त्याला नकार द्यावा असा कोणताही नियम नव्हता. शिक्षा भोगून झालेली होती. पदवी मान्यताप्राप्त होती. जागा रिकाम्या होत्या; एम. ए. मराठीच्या जागा हल्ली रिकाम्याच असतात. तरी आम्ही नकारही दिला नाही आणि होकारही दिला नाही. वर्गात मुली आहेत, पालक काय म्हणतील, प्राचार्यांच्या कानावर घालावे लागेल, असे आम्ही आपसांत बोललो. त्याला म्हणालो, "तुम्ही दुसरी यादी लागल्यावर या. तोवर पाहू." त्याने "बरं, सर" म्हटले, कागद नीट पिशवीत घातले आणि तो गेला. दुसरी यादी लागली. तो आला नाही. आम्हीही त्याला बोलावले नाही. खरे सांगायचे तर तो आला नाही याचे आम्हाला हायसे वाटले.

पुढच्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या निमित्ताने आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन सोनारीला गेलो होतो. देवळाबाहेर माकडांना घालण्यासाठी शेंगा-फुटाण्याच्या पुड्या विकणारे बसतात. त्यांतल्या एकाने आम्हाला ओळखले. तोच होता. त्याने मुलांना पुड्या दिल्या, पैसे घेताना आमचे घेतले नाहीत, आणि मुले पुढे गेल्यावर विचारले, "सर, एम. ए. ला पहिल्या पेपरला ज्ञानेश्वरीचे कोणते अध्याय असतात?" आम्ही सांगितले. त्याने ते पुडीच्या कागदावर लिहून घेतले. प्रवेशाविषयी त्याने काही विचारले नाही. पुन्हा अर्ज करा, असे सांगायला आमची जीभ रेटली नाही, कारण पुन्हा अर्ज आला तर आम्ही काय करू याची आमचीच आम्हाला खात्री नव्हती.

भैरवाची कथा आम्ही त्या दिवशी मुलांना देवळात बसवून सांगितली होती. कोतवाल नेमल्याचा भाग सांगताना आवाज थोडा खाली आला, एवढे आठवते.

*

या प्रसंगानंतर आम्ही तुरुंगशिक्षणाविषयी वाचू लागलो आणि वरचा इतिहास हळूहळू जुळत गेला. त्यातून आम्हाला जे दिसले ते असे. कारागृहाच्या आत शिक्षणाची सोय अपुरी आहे, पण ती वाढते आहे आणि तिच्यामागे कायदा, विद्यापीठे व काही चांगले अधिकारी उभे आहेत. शृंखला तुटते ती बाहेर. शासन आत पदवी देते, माफी देते, अभ्यासकेंद्र देते. सुटल्यावर मात्र त्या पदवीचे काय करायचे हे ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडून देते. आणि ते नशीब बहुधा आमच्यासारख्या माणसांच्या टेबलावर येऊन थांबते. हा माणूस तेथे दुष्ट नसतो. तो फक्त "पाहू" म्हणतो. स्पष्ट नकाराविरुद्ध अपील करता येते, "पाहू"च्या विरुद्ध ते कुठे करायचे?

१९३८ साली नागपूर विद्यापीठाने निष्कासित विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तेव्हा त्यालाही विचार करायला कारणे होती. शेजारच्या राज्याशी वाकडे येईल, इतर विद्यार्थी बिघडतील, अशा शंका कुणीही काढू शकला असता. तरी प्रवेश दिला गेला. तो राजकीय बंडखोरांना दिला गेला, खून करणाऱ्याला नव्हे, हे खरे. परंतु टिळक आणि साने गुरुजी यांच्यामुळे आम्ही तुरुंगाला पवित्र मानतो आणि त्याच तुरुंगातून आलेल्या सामान्य माणसाला मात्र दारात ताटकळत ठेवतो, ही विसंगती एकदा दिसल्यावर न दिसल्यासारखी करता येत नाही.

विशेष काही करायला हवे असे नाही. आमच्या प्रदेशात मोठे विद्यापीठ आहे, धाराशिवला त्याचा उपपरिसर आहे, तुळजापूरला टाटा संस्थेचे संकुल आहे, जिल्हा कारागृह धाराशिवातच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी दरवर्षी सात दिवस खेड्यात जाऊन शोषखड्डे खणतात. त्यांतल्या काहींनी आठवड्यातून एक तास कारागृहात वाचून दाखवायला जायला काय हरकत आहे? अनेक महाविद्यालयांत मुक्त विद्यापीठाची केंद्रे असतात. सुटून आलेल्याचा अर्धवट राहिलेला अभ्यास तेथे पुढे चालू ठेवण्यासाठी एका शिक्षकाने जबाबदारी घेतली तरी पुरे. आणि प्रवेश समितीने एवढा ठराव केला की, कारागृह अधीक्षकांचा वर्तणुकीचा दाखला हा इतर कोणत्याही संस्थाप्रमुखाच्या दाखल्यासारखाच मानला जाईल, तर आमच्यासारख्यांना "पाहू" म्हणण्याची सोय उरणार नाही. हा ठराव आम्ही गेल्या वर्षी मांडला. तो पुढच्या सभेवर ढकलला आहे. आम्ही तो पुन्हा मांडणार आहोत.

कपालमोचनाला कवटी आपोआप गळून पडली असे पुराण सांगते. आम्हाला मात्र वाटते की काशीच्या वेशीवर त्या दिवशी कुणीतरी उभे असावे, हातातल्या कवटीकडे पाहूनही ज्याने वाट अडवली नाही. कोतवालकी पुढची गोष्ट. सोनारीच्या त्या माणसाला आमच्याकडून हवा होता तो केवळ वर्गातला एक बाक आणि ज्ञानेश्वरीचे नेमलेले अध्याय. येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा अर्ज घेऊन आम्हीच सोनारीला जायचे ठरवले आहे.